गप्पीचे बाळंतपण

हिवतापाच्या डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून हौदांत, विहिरींत सोडतात तेच गप्पी मासे आम्ही राजेगावी शाळेतील काचेच्या पेटीत पाळले आहेत. ही मासोळी रोहूसारखी अंडी घालीत नाही. सुमारे चार आठवड्यांनी जिवंत पिले देते. एकदा नराचा संग घडला की पुढे त्याच्यावाचूनही तिची अनेक वेते होतात!

पहिल्या खेपेस फुगलेले पोट पाहून आम्ही घाईने मादीला बरणीत हलविले. ती भेदरली, आणि पिले मेलेलीच निघाली. दोष आमचाच. नुसत्या पोटावरून दिवस भरले असे ठरत नाही. पोटामागचा, पराजवळचा डाग मोठा व काळाभोर होतो. पोटाला चौकोनी आकार येतो. फिकट मादीच्या त्या डागात तर पिलांचे डोळेही ठिपक्यांसारखे दिसतात. मग ती अन्न टाकते, कोपऱ्यात एकटी थांबते. आता तिला हात लावू नये. मात्र पेटीत पाणवनस्पती दाट हव्यात, कारण ही माउली आपलीच पिले गिळते.

यंदा मुलांनी वनस्पतींच्या आडोशाला सव्वीस पिले मोजली. शाळा सुटली तरी कोणी घरी जाईना.