उकडलेल्या शेंगा विकणारा मुलगा

ओल्या भुईमुगाच्या शेंगा मीठ घालून उकडायला ठेवल्या की घरातली पोरे चुलीभोवती कशी घोटाळतात, हे तुम्हाला सांगायला नको. अमेरिकेच्या दक्षिणेकडील जॉर्जिया राज्यातही अशा शेंगा आवडीने खातात. १९३०च्या सुमारास तिथला पाच-सहा वर्षांचा एक मुलगा शेतातून वेल उपटायचा, शेंगा तोडून धुवायचा, मिठाच्या पाण्यात उकडायचा आणि पुड्या बांधून तीन-चार किलोमीटर पायी चालत प्लेन्स गावात विकायला न्यायचा. पुढे हाच मुलगा अमेरिकेचा ३९वा राष्ट्राध्यक्ष झाला. त्याचे नाव जिमी कार्टर.

जन्म १ ऑक्टोबर १९२४चा. आई लिलियन परिचारिका. वडील अर्ल कार्टर शेतकरी, दुकानदार आणि भुईमुगाचे व्यापारी. प्लेन्सजवळच्या आर्चरी वस्तीवर त्यांची सुमारे साडेतीनशे एकर जमीन होती. आकडा ऐकून बागाईतदाराचा वाडा डोळ्यांसमोर आणू नका. घरात वीज नव्हती, नळ नव्हता. पाणी विहिरीचे, १९३५ साली पवनचक्की बसली तेव्हा कुठे ते घरात आले. वीज आली १९३८ साली, सरकारच्या ग्रामीण विद्युतीकरण योजनेतून. जिमी तोवर चौदा वर्षांचा झाला होता.

पहाट होण्याआधी तासभर शेतावरची मोठी घंटा वाजे आणि माणसे खेचरे जुंपायला निघत. नांगरट, वखरणी सगळी खेचरांवरच. भुईमूग उपटून, माती झटकून, जमिनीत रोवलेल्या खांबाभोवती रचून वाळवायचे. कपाशीच्या बोंडावर सोंडकिडा पडला की सोमल आणि काकवी पाण्यात कालवून ते औषध काठीला बांधलेल्या फडक्याने एकेका झाडाच्या शेंड्याला लावायचे. हे काम पोरांच्या वाट्याला येई. काकवीने पायजमा असा कडक व्हायचा की काढून ठेवला तर उभा राहील! माशा घोंगावायच्या त्या वेगळ्याच. आज फवारणी करताना तोंडाला रुमालसुद्धा न बांधणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की काकवीत कालवलेला तो सोमल म्हणजे जहाल विषच होते.

शेंगांच्या विक्रीतून साठवलेल्या पैशांनी या मुलाने कापसाच्या पाच गाठी घेतल्या. मंदीचे दिवस होते, भाव पौंडाला पाच सेंट. गाठी त्याने ठेवून दिल्या आणि काही वर्षांनी भाव अठरा सेंटवर गेला तेव्हा विकल्या. त्या पैशांतून पाच लहान घरे घेऊन भाड्याने दिली. तुम्ही म्हणाल, बापाची वखार होती म्हणून माल थांबवता आला. खरे आहे ते. ज्याला माल ठेवायला जागा आहे आणि संध्याकाळच्या भाकरीची चिंता नाही, तोच भावाची वाट बघू शकतो. त्याच शेतावर राबणाऱ्या वाटेकऱ्यांना ते शक्य नव्हते.

हे वाटेकरी बहुतेक सगळे काळे, आणि जिमीचे सवंगडी त्यांचीच मुले. मासे धरायला, पोहायला सगळे बरोबर. पण शाळा वेगळी आणि चर्च वेगळे. तो चौदाएक वर्षांचा असताना हे मित्र एकदा कुरणाच्या फाटकापाशी आले, तेव्हा बाकीचे दोघे मागे सरले आणि त्याला आधी जाऊ दिले. कोणी काही बोलले नाही, पण बरोबरीचे खेळणे तिथे संपले. शिवारात एकत्र खेळलेल्या पोरांमध्ये मोठेपणी अशी फाटके कशी उभी राहतात, हे आपल्याकडे कोणाला ठाऊक नाही?

शिकून हा मुलगा नौदलात गेला. १९४६ साली पदवी घेतली, त्याच वर्षी गावचीच रोझलिन स्मिथ हिच्याशी लग्न केले. पाणबुडीवर, पुढे अणुशक्तीच्या कामावर त्याची नेमणूक झाली. चांगली बढती, चांगला पगार. आणि १९५३ साली वडील कॅन्सरने अंथरुणाला खिळल्याची बातमी आली. रजा काढून तो गावी आला. वडिलांच्या खोलीबाहेर माणसांची रीघ लागली होती, गोरी आणि काळीही. कोणाला त्यांनी उधारीवर खत दिले होते, कोणाला अडीअडचणीला गुपचूप मदत केली होती. वडील गेले. जिमीने नोकरी सोडून गावी यायचे ठरवले. रोझलिनबाई इतक्या चिडल्या की गावी येताना वाटेत नवऱ्याशी बोलल्या नाहीत. मला विचाराल तर त्यांचेही चुकले नव्हते. तीन लहान मुले पदरी, आणि सुखाचा संसार मोडून पुन्हा त्याच धुळीत!

गावी आल्यावर राहायला सरकारी चाळवजा घर मिळाले. १९५४ साली पाऊस पडला नाही. खत उधारीवर दिलेले, शेतकऱ्यांकडून वसुली कुठली? वर्षाअखेर तीनशे डॉलरही हाती राहिले नाहीत. मग दोघे नवराबायको अभ्यासाला लागले. रोझलिनबाई हिशेब शिकल्या आणि वखारीच्या वह्या त्यांनी हातात घेतल्या. जिमी शेतीविस्ताराच्या वर्गांना बसला, टिफ्टनच्या संशोधन केंद्रात जाऊन विचारपूस करू लागला. आमच्या खात्याचा माणूस दिसला की पारावरून हळूच उठून जाणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहितो आहे! त्याने भुईमुगाच्या बियाण्याचा धंदा वाढवला आणि पुढे जॉर्जियाच्या पीक-सुधारणा संघाचा तो अध्यक्षही झाला.

गावातल्या गोऱ्यांनी काळ्यांना दूर ठेवण्यासाठी एक मंडळ काढले होते. जिमीने सभासद व्हायला नकार दिला, तेव्हा त्याच्या वखारीवर बहिष्कार घातला गेला. तो टिकला नाही, पण गावात राहून गावाविरुद्ध उभे राहणे म्हणजे काय, ते ज्याला प्रसंग आला त्यालाच कळते.

पुढचे राजकारण थोडक्यात सांगतो. १९६२ साली राज्याच्या सिनेटची निवडणूक तो आधी हरला. एका गावी मेलेल्या माणसांच्या नावावरही मते पडल्याचे त्याने उघडकीला आणले आणि निकाल फिरला. १९७१ साली गव्हर्नर, १९७७ साली राष्ट्राध्यक्ष.

शेतकरी गादीवर बसला, तर शेतकऱ्यांचे भले झाले का? बंधूंनो, इथे मला स्पष्ट लिहिले पाहिजे. भाव परवडत नाही म्हणून १९७९ साली हजारो शेतकरी ट्रॅक्टर घेऊन राजधानी वॉशिंग्टनला येऊन थडकले. रशियाने अफगाणिस्तानात सैन्य घुसवले म्हणून जानेवारी १९८० मध्ये कार्टरने रशियाला जाणारे १ कोटी ७० लाख टन धान्य रोखले. रशियाने दुसऱ्या देशांकडून घेतले, आणि नाराज झाला तो अमेरिकेतला शेतकरी. इराणमध्ये ५२ अमेरिकन ४४४ दिवस ओलीस राहिले, महागाई भडकली आणि १९८०ची निवडणूक तो हरला. १९८१ साली घरी येतो तो वखारीवर दहा लाख डॉलरपेक्षा जास्त कर्ज! पदावर असताना धंदा त्याने विश्वस्तांकडे सोपवला होता. शेवटी वखार विकावी लागली. जमीन मात्र राहिली.

आता आपल्या जवळची गोष्ट. त्याची आई लिलियनबाई वयाच्या ६८व्या वर्षी, १९६६ साली, पीस कोअर या अमेरिकन सेवा योजनेतून मुंबईला विक्रोळीत आल्या. १९६८पर्यंत तिथे राहिल्या. कुटुंबनियोजनाचे आणि दवाखान्यातले काम केले. आपल्याकडे या वयात सासूबाई काठी धरून काशीयात्रेच्या गोष्टी करतात. मुलगाही २००६ साली, ८२व्या वर्षी, लोणावळ्याजवळ मळवलीला येऊन गरिबांच्या घरांच्या बांधकामावर राबून गेला.

नारू हा रोग तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. पायऱ्यांच्या विहिरीचे पाणी प्यायले की वर्षभराने पायातून दोरीसारखा जंत बाहेर पडायचा. आपल्या देशातून तो आपल्याच आरोग्य सेवकांनी घालवला; शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात सापडला. आफ्रिकेत मात्र कार्टरने १९८६पासून हे काम अंगावर घेतले. औषध नाही, लस नाही. पाणी फडक्याने गाळून प्या, एवढेच घरोघर सांगायचे. त्या वर्षी जगात अंदाजे ३५ लाख रोगी होते. २०२४ साली १५ राहिले. २००२ साली शांततेचे नोबेल मिळाले, तरी प्लेन्समधले १९६१ साली बांधलेले साधे घर त्याने सोडले नाही.

रोझलिनबाई नोव्हेंबर २०२३ मध्ये गेल्या. ७७ वर्षांचा संसार झाला होता. कार्टर २९ डिसेंबर २०२४ रोजी वारले, वयाची शंभर वर्षे पुरी करून. जानेवारीत शवपेटी घेऊन निघालेली गाडी आर्चरीच्या जुन्या शेतापाशी थांबली आणि तिथली घंटा ३९ वेळा वाजवण्यात आली. नंतर प्लेन्समध्ये घराच्या आवारातच, बायकोच्या शेजारी, त्यांना पुरले.