एरंडेलाचे औद्योगिक उपयोग व शेतकऱ्याचे हित

आपल्या भाषेने एरंडावर मोठा अन्याय केला आहे. अपात्र मनुष्यास मोठेपणा लाभला म्हणजे आपण 'ओसाड गावी एरंड बळी' म्हणतो, आणि निष्फळ चर्चेस 'एरंडाचे गुऱ्हाळ' हे नाव देतो. प्रस्तुत लेखकाने महसूल खात्यात कारकुनी करीत असता तालुक्याची पीकपत्रके वर्षानुवर्षे जुळविली. त्यांत ज्वारी, बाजरी, तूर, कापूस यांचे रकाने भरलेले असत. पण बांधावरच्या चार एरंडांची नोंद कोणी केल्याचे स्मरत नाही. ज्याची नोंद नाही त्यास मोल नाही, हा दप्तराचा न्याय होय. तो न्याय एरंडाच्या बाबतीत किती चुकीचा आहे, हे दाखविण्याचा येथे विचार आहे.

आमच्या लहानपणी घरच्या बैलगाडीच्या आखास एरंडेलात भिजविलेली चिंधी लावीत. गाडीखाली लोंबणारे वंगणाचे नळकांडे पुष्कळ वाचकांच्या स्मरणात असेल. वडील म्हणत, "गोडे तेल बाजारापर्यंत पुरत नाही, एरंडेल परत घरी येईपर्यंत पुरते." अनुभव खरा होता, कारण मात्र त्यांस ठाऊक नव्हते. ते कारण रसायनशास्त्राने सांगितले आहे.

कोणतेही तेल म्हणजे मुख्यतः लांब साखळ्यांच्या आम्लांचा समूह असतो. एरंडेलातील आम्लांपैकी सुमारे ८५ ते ९० टक्के भाग रिसिनोलिक नावाच्या एकाच आम्लाचा असतो. त्याच्या साखळीत कार्बनचे १८ कण असून बाराव्या कणास हायड्रॉक्सिल नावाचा एक गट जोडलेला असतो. दोरास मध्येच एक आकडा बांधावा तसे हे आहे. या आकड्यामुळे साखळ्या एकमेकींस धरून राहतात, म्हणून तेल दाट होते. त्याच आकड्याने ते धातूस चिकटून राहते. भुईमूग, करडई अथवा तीळ यांच्या तेलांत हा आकडा नसतो. एरंडेलाचे बहुतेक औद्योगिक महत्त्व या एका आकड्यात साठविलेले आहे.

पहिल्या महायुद्धातील अनेक विमानांस फिरत्या सिलिंडरांची यंत्रे असत. त्यांत पेट्रोलची वाफ यंत्राच्या पोटातूनच जाई व साधे खनिज तेल धुऊन नेई. एरंडेल पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही, सबब त्याचीच योजना करण्यात आली. इंग्लंडातील वेकफील्ड यांच्या कंपनीने १९०९ साली आपल्या वंगणास कॅस्ट्रॉल हे नाव दिले, तेही एरंडेलाच्या कॅस्टर या इंग्रजी नावावरूनच. परंतु एरंडेलात एक दोषही आहे. पुष्कळ तापून हवा लागली म्हणजे ते घट्ट होऊन डिंकासारखे बसते. म्हणून पुढे मोटारींच्या यंत्रांत खनिज तेलेच रूढ झाली.

तरीही एरंडेल वंगणाच्या धंद्यातून गेले नाही. त्याने केवळ रूप पालटले. तेलात हायड्रोजन वायू मुरविला म्हणजे ते मेणासारखे कठीण होते. त्यापासून मिळणारे आम्ल लिथियमच्या क्षाराशी संयोग पावले की एक प्रकारचा साबण तयार होतो, आणि तो खनिज तेलात मिसळला म्हणजे लिथियम ग्रीस होते. लिथियम ग्रीसची एकस्वे अमेरिकेत १९४२ साली क्लॅरेन्स अर्ल यांस मिळाली. हे ग्रीस पाण्याने सहसा धुतले जात नाही व सुमारे १९० अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाही. आज आपल्या ट्रॅक्टरच्या अथवा मळणीयंत्राच्या बेअरिंगमध्ये जे ग्रीस आपण भरतो, त्यात बहुधा एरंडीचा अंश असतो. बैलगाडीच्या आखावरून उतरलेले एरंडेल असे ट्रॅक्टरच्या चाकात जाऊन बसले आहे!

रंगलेपांची कथाही ऐकण्याजोगी आहे. एरंडेल स्वतः जवसाच्या तेलाप्रमाणे वाळत नाही. परंतु तापवून त्याच्या रेणूतील पाण्याचा अंश काढून टाकला की ते वाळणारे तेल बनते, आणि त्यापासून केलेले रोगण जवसाच्या रोगणाइतके पिवळे पडत नाही. फ्रान्समध्ये गेल्या शतकाच्या मध्यास एरंडेलापासून नायलॉन ११ नावाचा पदार्थ तयार होऊ लागला. मोटारींच्या इंधननळ्या व हवेच्या ब्रेकच्या नळ्या त्याच्या करतात. त्याची भुकटी तप्त धातूवर वितळवून गंजरोधक लेपही देतात. मात्र हा पदार्थ वनस्पतीपासून झाला म्हणून मातीत कुजतो, असे कोणी समजू नये. तो टिकाऊ आहे, आणि टिकाऊपणासाठीच त्याची किंमत आहे.

याहून नवलाची गोष्ट ब्राझील देशातील आहे. तेथील संशोधकांनी एरंडेलापासून पॉलियुरेथेन नावाची राळ करून तीत घायपाताचे धागे बसविले व संमिश्र फळ्या तयार केल्या. मातीत भुसा मळून आपण भिंत बांधतो, तेच हे तत्त्व. एरंड आणि घायपात ही दोन्ही आपल्या बांधावर उपेक्षित उभी असतात, हे ध्यानात घ्यावे.

आता आपल्या हिताचा विचार करू. जगातील एरंडीपैकी चार पंचमांशांहून अधिक पीक हिंदुस्थानात होते व त्याचा फार मोठा भाग एकट्या गुजरातेत निघतो. १९६८ साली तेथे जीसीएच-३ हा संकरित वाण प्रसारित झाला, तेव्हापासून त्या प्रांताने या पिकात आघाडी घेतली. तथापि पुष्कळसे तेल परदेशी जाते, व त्याचे मोलाचे पदार्थ तेथे होतात.

लेखकाने निवृत्तीनंतर बांधावरची दोन पोती एरंडी विकली, तेव्हा अडत्याने ओल व फुटके दाणे दाखवून भाव पाडला. त्या वेळी राग आला. पुढे चौकशी केली तेव्हा कळले की ओल्या व फुटक्या दाण्यांच्या तेलात मोकळे आम्ल वाढते आणि असे तेल कारखान्यात हलक्या प्रतीचे ठरते. अडत्याने वजनातही हात मारला असेल. परंतु भाव पाडण्यास कारण मात्र आमच्याच खळ्यावर तयार झाले होते. सबब घोसातील बोंडे पिवळी पडून काही वाळू लागली म्हणजेच घोस तोडावेत, हिरवे तोडू नयेत. बोंडे कडक उन्हात पुरती वाळवावीत, झोडपताना दाणा फोडू नये, आणि माल कोरड्या जागी ठेवावा. यास पैसा लागत नाही, केवळ धीर लागतो.

एक इशारा अत्यंत आवश्यक आहे. एरंडीच्या दाण्यात रिसिन नावाचे भयंकर विष असते. ते तेलात उतरत नाही, पेंडीत राहते. आमच्या एका शेजाऱ्याचा उमदा बैल अशी पेंड खाऊन दगावला. भुईमुगाच्या पेंडीशेजारीच पोते ठेवले होते, एवढीच चूक. पेंड खत म्हणून उत्तम, कारण तीत सुमारे ४ टक्के नत्र असते. पण ती गोठ्यापासून दूर ठेवावी व मुलांस दाण्यांशी खेळू देऊ नये.

शेवटी, सारे शेत एरंडाखाली घालावे असा सल्ला येथे दिलेला नाही. पीक दीर्घ मुदतीचे आहे, भाव लहरी आहे, उंटअळी पाने फस्त करते व फुलोऱ्यात दमट हवा लागली तर बुरशीने घोस जातात. परंतु हलक्या जमिनीत व कमी पावसात ते तग धरते. बांधावर व पडीक तुकड्यात चार झाडे लावून, माल स्वच्छ राखून, काही जणांनी मिळून एकत्र विकला तर तोटा नाही. दप्तरात रकाना नसला तरी आपल्या घरच्या जमाखर्चात तो अवश्य घालावा. मग एरंडाचे गुऱ्हाळ निष्फळ म्हणण्याचे कारण राहणार नाही.