पाहुणा गावात, पैसा कुणाच्या खिशात?

हल्ली शहरातील माणूस हॉटेलला कंटाळला आहे. त्याला अंगणात बाज टाकून बसायचे आहे, चुलीवरची भाकरी खायची आहे, मुलांना विहीर दाखवायची आहे. आमचा धंदा कापडाचा आणि दुकान पवईत. शनिवार उजाडला की आमच्या भागातील मोठ्या इमारतींमधून गाड्या निघतात. काही कसारा-इगतपुरीच्या वाटेला लागतात, काही पनवेलवरून कोकणात उतरतात. खर्च करणारे गिऱ्हाईक असे दर आठवड्याला आपल्या डोळ्यांसमोरून जात असते.

दुसरीकडे आपल्या वाचकांपैकी अनेकांची मंडणगड, दापोली, श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड भागातील घरे वर्षातील बहुतेक दिवस जवळजवळ रिकामी असतात. कर्ता माणूस मुंबईत किंवा आखातात, आणि मागे म्हातारे आई-वडील. या घरांतून चार पैसे उभे राहतील काय, असे आम्हांला बरेच जण विचारतात. उत्तर होय असे आहे. पण घर तुमचे आहे एवढ्याने कमाई तुमची होत नाही. पाहुणा कोणत्या वाटेने येतो आणि ती वाट कुणाच्या हातात आहे, त्यावर सारे ठरते.

प्रथम आपल्याच राज्यातील उदाहरणे पाहू.

रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात बाणकोटच्या खाडीजवळ वेळास नावाचे लहान गाव आहे. तेथील किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालतात. पूर्वी ही अंडी माणसे उकरून नेत, उरलेली कुत्री-कोल्हे खात. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन अंडी राखण्याचे काम सुरू केले. अंडी कुंपणाच्या आत वाळूत पुरायची, पिल्ले बाहेर आली की समुद्रात सोडायची. काही वर्षांनी ती पाहण्यासाठी कासव महोत्सव सुरू झाला. मुंबई-पुण्याचे लोक येऊ लागले. गावात हॉटेल नव्हते, म्हणून पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरू लागले. हरिहरेश्वरकडून येणारे आजही बागमांडल्याला फेरीबोटीत गाडी घालतात आणि वेश्वीला उतरून वेळासला जातात. पाहुणा कासवासाठी येतो आणि मुक्कामाचा पैसा घराघरांत जातो. त्यामुळे अंडे खाण्यापेक्षा राखण्यात फायदा आहे, हे गावाला कुणी वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

दुसरे गाव अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यातले पुरुषवाडी. डोंगरातील ही आदिवासी वस्ती. पावसाच्या तोंडावर तेथे काजव्यांनी झाडेच्या झाडे लखलखतात. ग्रासरूट्स या संस्थेने २००६ च्या सुमारास गावाबरोबर पर्यटनाचे काम सुरू केले. वाट दाखवणारे तरुण गावचेच, जेवण गावच्याच घरांत. कोणत्या घरी पाहुणे जेवतील हे पाळीने ठरते. आज तुमची चूल, उद्या शेजाऱ्याची. म्हणून एकच घर श्रीमंत आणि बाकीचे नुसते बघणारे, असे होत नाही.

या धंद्याचा दाखला दूर दक्षिण अमेरिकेतही आहे, आणि कापडवाल्यांनी तो जरूर ऐकावा. पेरू देशात अँडीज पर्वतात तितिकाका नावाचे विशाल सरोवर आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८०० मीटर उंचीवर. त्यात ताकिले नावाचे बेट आहे. पूर्वी हे बेट जमीनदारांच्या ताब्यात होते. लोकांनी विसाव्या शतकात आपली जमीन हळूहळू विकत घेऊन सोडवली. तेथील पुरुष सुयांवर लोकरी टोप्या विणतात आणि बायका मागावर रंगीत कमरपट्टे विणतात. या विणकामाचा मान २००५ साली युनेस्कोने जाहीर केला. १९७० च्या दशकात परदेशी पाहुणे येऊ लागले, तेव्हा बेटाने काही नियम बांधले. पाहुण्याने कुणाच्या घरी उतरायचे ते पाळीने ठरायचे. विणलेला माल सहकारी दुकानात ठरल्या भावाने विकायचा, रस्त्यात उभे राहून एकमेकांचा भाव पाडायचा नाही. आणि पुनो शहरातून बेटावर येणाऱ्या होड्या बेटवाल्यांच्याच मालकीच्या.

काही वर्षे हे उत्तम चालले. पुढे १९९० च्या दशकात पेरूच्या सरकारने बाजार खुला केला आणि होड्यांवरील बेटाचा हक्क गेला. पुनोच्या एजन्सींनी मोठ्या वेगवान बोटी आणल्या. बरेचसे पाहुणे सकाळी येऊन संध्याकाळी परत जाऊ लागले. मुक्कामच नाही तर घराची पाळी कसली? घरे बेटवाल्यांची होती, विणकाम त्यांचेच होते, तरी कमाईचा मोठा वाटा शहरात राहू लागला. पुढे बेटवाल्यांनी स्वतःची एजन्सी काढली, पण हातची वाट गेल्यावर ती परत मिळवणे किती कठीण असते हे व्यापाऱ्याला सांगायला नको.

ही गोष्ट आपल्याकडे समजायला सोपी आहे. मुरूडच्या जंजिरा किल्ल्यावर राजपुरीहून शिडाच्या होड्या जातात. तेथील होडीवाले सोसायट्या करून होड्या चालवतात. होडी गावची, म्हणून भाडेही गावात राहते. घरगुती निवासाच्या धंद्यात होडीची जागा आता बुकिंगने घेतली आहे. ज्याच्या हाती बुकिंग, त्याच्या हाती गिऱ्हाईक.

आता थोडा हिशेब मांडू. आकडे केवळ नमुन्याचे आहेत, आपापल्या गावचे घालून पाहावेत. समजा शहरातील एजंटाने पाहुण्याकडून माणशी २,००० रुपये घेतले आणि घरवाल्यास ६०० दिले. घरवाल्याचा जेवण, पाणी, धुलाईचा खर्च ४०० झाला, तर हाती राहिले २००. तोच पाहुणा थेट आला आणि त्याने ८०० दिले, तर हाती ४०० राहतात, आणि पाहुण्याचेही १,२०० वाचतात. याचा अर्थ एजंट नकोच असा नव्हे. नव्या गावाला गिऱ्हाईक आणून देणारा लागतोच. पण त्याचा वाटा आधी ठरलेला असावा, लेखी असावा, आणि पाहुण्यांची वही गावाजवळ राहावी. एकदा आलेला पाहुणा दुसऱ्यांदा थेट फोन करील, अशी व्यवस्था पहिल्याच दिवशी करावी.

दुसरा हिशेब कर्जाचा. दोन खोल्या, चार पाहुणे, शनिवारची एक रात्र आणि आठ आठवड्यांचा हंगाम म्हणजे ३२ मुक्काम. मुक्कामामागे ४०० सुटले तरी वर्षाचे १२,८०० झाले. यासाठी पाच लाखांचे कर्ज काढून सिमेंटच्या खोल्या बांधल्या, तर दहा टक्क्यांनी वर्षाचे नुसते व्याजच ५०,००० होते. म्हणून आमचे सांगणे असे की, हा जोडधंदा आहे, मुख्य धंदा नव्हे. आहे ते घर स्वच्छ करावे, संडास-न्हाणीघर चांगले करावे, गाद्या-चादरी नव्या घ्याव्यात, आणि तेथेच थांबावे.

सरकारी बाजूही ध्यानात घ्यावी. घरातील खोल्या पाहुण्यांना देण्यासाठी न्याहारी व निवासाची योजना आहे. केंद्र सरकारच्या अशा योजनेत एक ते सहा खोल्यांपर्यंत नोंदणी होते आणि घरमालकाचे कुटुंब त्याच घरात राहात असावे लागते. म्हणजे कुलूप लावून चावी शेजाऱ्याकडे दिलेले घर यात बसत नाही. घरात कुणीतरी आपले माणूस हवे. राज्यात नोंदणीची चौकशी पर्यटन संचालनालयाकडे करावी. कृषी पर्यटनासाठी राज्याने २०२० साली वेगळे धोरण आणले आहे, शेती असलेल्यांनी तेही पाहावे. पाहुण्यांची ओळखपत्रे घेऊन नोंदवही ठेवावी, आणि पाहुणा परदेशी असेल तर त्याची माहिती वेळेत सरकारदरबारी कळवणे कायद्याने बंधनकारक आहे.

आपल्या घरांची म्हणून काही पथ्ये आहेत. पाहुण्यांच्या खोलीला वेगळा दरवाजा असावा, म्हणजे घरातील बायकांना अडचण होत नाही. दारू चालणार नाही, स्वयंपाकघरात काय शिजते आणि काय शिजत नाही, रमजानच्या दिवसांत दुपारचे जेवण मिळेल की नाही, हे सारे पैसे घेण्याआधी सांगावे. आधी सांगितलेला नियम पाहुणा आनंदाने पाळतो. दारात आल्यावर सांगितला तर तो भांडण मानतो. आणखी एक गोष्ट. रांधणार घरातील आई-बहीण, तेव्हा पैशांत तिचा वाटा आधी ठरवावा. मेहमाननवाजीची सारी मेहनत तिची आणि सारी कमाई आपली, हा हिशेब बरोबर नाही.

कारीगर बंधूंसाठी दोन शब्द. छत्रपती संभाजीनगरचा (पूर्वीचे औरंगाबाद) हिमरू विणणारा असो की कोकणात टोपल्या विणणारा, ज्याचे काम पाहुण्याने डोळ्यांनी पाहिले त्याच्या मालाची घासाघीस कमी होते. मागाजवळ घेतलेली शाल आणि शहरातील दुकानात घेतलेली शाल यांत गिऱ्हाईक फरक करते. मात्र गिरणीचा माल हातमागाचा म्हणून चुकूनही ठेवू नये. आज कापड पारखणारे गिऱ्हाईक पुष्कळ आहे, आणि एका घरची लबाडी साऱ्या गावाच्या नावावर जाते.

तेव्हा ज्यांना हा धंदा करायचा आहे त्यांनी एकट्याने पाटी लावण्याआधी गावातील पाच-सात घरे एकत्र बसवावीत. पाळी कशी लागेल, दर काय राहील, वही आणि फोन कुणाकडे राहील, या तीन गोष्टी कागदावर घ्याव्यात आणि सर्वांच्या सह्या घ्याव्यात. चादरी-गाद्यांची खरेदी त्यानंतर करावी. आम्ही कापडवाले असूनही हेच सांगतो.