उसातला बिबट्या आणि यंत्राने रचलेलं जग

सापशिडीत अठ्ठ्याण्णवाच्या घरात साप आहे हे खेळणाऱ्याला पहिल्यापासून दिसत असतं, पण त्या माहितीचा उपयोग शून्य. दान पडायचं ते पडतं. बुद्धिबळाचं उलटं: तिथे फासाच नाही, शिकावं तेवढं थोडं, पण डाव दरवेळी त्याच मांडणीतून सुरू होतो. या दोन्हींच्या मधोमध व्हिडिओ गेमचा एक प्रकार बसतो, त्याला रोगलाइक म्हणतात. मराठी कानाला नाव भलतंच लागतं, पण आजाराशी त्याचा संबंध नाही. १९८० च्या सुमारास मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या अमेरिकी विद्यार्थ्यांनी ‘रोग’, म्हणजे लुच्चा, नावाचा गेम केला, त्यावरून ते आलं. त्यात चित्रं नव्हती. राक्षससुद्धा इंग्रजी अक्षरांचेच. भुयार मात्र दर डावाला नवं, आणि मेलात की तलवार, सोनं, कापलेली वाट सगळं गेलं, पुन्हा पहिल्यापासून. ‘डेड सेल्स’ (२०१८) किंवा ‘हेडीस’ (२०२०) यांसारखे आजचे मारधाडीचे ॲक्शन रोगलाइक थोडंफार पुढच्या डावात नेऊ देतात, पण गाभा तोच. मेल्यावर खरं उरतं ते एकच: आपण कशामुळे मेलो याची समज. म्हणूनच या खेळातलं जग नवं हवं आणि त्याचे कायदे मात्र जुनेच हवेत. आता ही जगं रचायला कृत्रिम बुद्धिमत्ता (एआय) हाताशी आली आहे, तेव्हा तिला जोखायचं ते याच कसोटीवर. ती किती जगं काढते, याला फारसं महत्त्व नाही.

जग यंत्राकडून काढून घेणं जुनंच आहे. एक आकडा द्यायचा, त्याला ‘सीड’ म्हणजे बी म्हणतात. तेच बी पेरलं की तेच जग उगवतं, दुसरं पेरलं की दुसरं. १९८० च्या दशकात केन पर्लिन यांनी बेतशीर चढउतार देणारं गणित शोधलं आणि डोंगर, ढग, लाटा त्यातून काढता येऊ लागल्या. पण नुसत्या त्या गणिताला जुन्नरचा सह्याद्री काढायला सांगितला, तर गोल गुळगुळीत टेकड्या मिळतील. इथला डोंगर तसा नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला. टणक थर कडा होऊन उभे राहिले, ठिसूळ थर झिजून उतार झाले, म्हणून डोंगराला पायऱ्या. म्हणून चावंड, हडसर, जीवधन यांना माथ्याशी उभा कडा आणि वर सपाटी. लेण्याद्री आणि मानमोडीची लेणी अशा कड्यांतच कोरलेली, आणि कोकणातून वर यायला नाणेघाटासारखी एखादी खिंडच काय ती सापडते. हा कायदा आधी यंत्राला दिला आणि मग बी पेरलं, तर दर डावाला डोंगर वेगळा उगवेल, पण तीनदा मेलेला खेळाडू चौथ्यांदा ओळखेल की कडा सरळ चढण्यात अर्थ नाही, घळ शोधावी, आणि माथ्यावर पोचलं की कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं असणार.

एआयची खरी गोम इथे आहे. लाखो चित्रं आणि मजकूर पचवून ती बहुतेक ठिकाणी जे असतं ते देते. बिबट्या मागा, ती त्याला घनदाट जंगलात बसवील. जुन्नर-आंबेगावात बिबट्या उसात असतो. त्यामागे कारणांची साखळी आहे: माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे ही कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, कालवे आले, कालव्यामागून ऊस आला. उसात आडोसा, पाणी, आणि वस्तीवर कुत्री नि शेळ्या. मादी उसातच विते. तोडणी सुरू झाली की सरीत पिल्लं सापडतात. मग ती क्रेटमध्ये घालून संध्याकाळी तिथेच ठेवली जातात आणि रात्री आई येऊन एकेक उचलून नेते. इथे माणसंही बिबट्याच्या हल्ल्यात गेली आहेत, तेव्हा गेममध्ये हे हौसेने मिरवायचं नव्हे. पण ‘फड तुटू लागला की बिबट्या आसरा बदलतो’ हे खेळाडूला शिकता येण्यासारखं आहे. जंगलातला ठोकळेबाज बिबट्या काहीच शिकवत नाही.

कोणी म्हणेल, खेळणाऱ्याला भूगोल कशाला, त्याला तलवार चालवायची आहे. खरंय, आणि त्याला भूगोल शिकवावा असं माझं म्हणणंही नाही. त्याला कारण कळलं नाही तरी चालेल, पण जगाला कारण हवं. नाहीतर मरण अन्यायाचं वाटतं आणि खेळ सापशिडी होतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. हाताने जग घडवायला वर्षं लागतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ (२०२०) हाताने घडवलेला, देखणा. पण तसं करणं किती छोट्या चमूंना परवडेल? त्यांना एआय नाकारणं म्हणजे दार लावून घेणं. मान्य. गावांची नावं, वाटेवरच्या म्हातारीचं बोलणं, शंभर प्रकारचे दगड हे काम तिने खुशाल करावं, आणि रचलेल्या वाटेने पलीकडे पोचता येतं का, हे साध्या प्रोग्रामने तपासावं. कायदे मात्र माणसाने लिहावेत.

उद्या यंत्र कायदेही स्वतःच शिकेल, असा तिसरा मुद्दा निघतो. शिकेलही. २०२४ मध्ये ‘ओएसिस’ नावाचा प्रयोग आला: माइनक्राफ्ट या गेमसारखं जग, पण मागे नेहमीचा गेम नाही, प्रत्येक दृश्य एआय तिथल्या तिथे रंगवणार. लोकांनी डोंगराकडे पाठ फिरवली, पुन्हा वळून पाहिलं, तर डोंगर नाही, भलताच मुलूख. यंत्राची आठवण तेवढीच होती. त्यानंतरच्या प्रयोगांत ती वाढली आहे, पण रोगलाइकला मिनिटांची आठवण पुरत नाही. खऱ्या जगाची आठवण कशी असते ते पाहा: आंबेगाव हे गाव डिंभे धरणात गेलं. तालुक्याला नाव त्याचंच राहिलं, कचेऱ्या घोडेगावात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या गावाचे अवशेष वर येतात, जिथे होते तिथेच.