शाळा सुटली, ढोल नाही सुटला!

जुलै उजाडला की हिंजवडी, मगरपट्टा, खराडीतल्या ऑफिसांत एक साथ पसरते. साडेपाचपासून पोरांची चुळबुळ सुरू. कुणाची आजी अचानक आजारी, कुणाचा क्लाएंट कॉल 'घरूनच घेतो'. आणि बॅगेत लॅपटॉपच्या शेजारी टिपरू! बाहेरून आलेल्या मॅनेजरला पहिल्या वर्षी काही उमगत नाही. दुसऱ्या वर्षी तोच विचारतो, "तुझं पथक कोणतं रे?"

या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. आजही पुष्कळदा त्यात एका शाळेचं नाव असतं. ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग, नू.म.वि., गरवारे... गाण्यातल्या घराण्यांसारखं. माझंही शाळेचंच पथक. पेठेतली, मराठी माध्यमाची, जाड भिंतींची शाळा. नाव सांगत नाही, कारण पुढे तिच्याबद्दल थोडं वाकडं बोलणार आहे.

शाळा आणि मिरवणूक हे नातं पुण्याला नवं नाही. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल काढणाऱ्यांत चिपळूणकर, आगरकरांबरोबर टिळक होते, आणि १८९३ नंतर सार्वजनिक गणेशोत्सवाला जोर दिला तोही टिळकांनीच. तेव्हाच्या मेळ्यांत विद्यार्थी असत, आणि ते सरकारला खुपतही असे. ढोल-ताशाची शिस्तबद्ध शालेय पथकं मात्र खूप नंतरची.

आमच्या शाळेत बाकीही सगळं होतंच की. गॅदरिंग, सहल, विज्ञान प्रदर्शन, क्रीडादिन. पण गॅदरिंगच्या स्टेजवर मावणार तीस मुलं, उरलेली सहाशे सतरंजीवर बसून टाळ्या वाजवणार. प्रदर्शनातला ज्वालामुखी कुणाच्या बाबांनी बनवलाय, हे परीक्षकांसकट सगळ्यांना ठाऊक. पथकात असं नव्हतं. शेवटच्या बाकावरचा, गणितात काठावर पास होणारा आडदांड पोरगा तिथे एकदम मोलाचा. ढोल कमरेला बांधून दोन तास उभं राहायचं तर वर्गातला पहिला नंबर काही कामाचा नाही, बॉस!

आणि वाजवायच्या आधी ढोल ताणायला शिकावं लागतं. पावसाळी हवेत चामड्याचं पान सैल पडतं, आवाज बसतो. मग एकानं ढोल गुडघ्यात धरायचा, दुसऱ्यानं दोरी खेचायची, तिसऱ्यानं ती निसटू द्यायची नाही. हाताला फोड येतात. ताण वाढला की आवाज चढतो, ढोलाचा घेर मोठा असेल तर उतरतो, हे फिजिक्स मी पुस्तकात वाचलं तेव्हा माझ्या तळहाताला ते आधीच माहीत होतं. दुसरी गंमत रांगेची. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. रांग पन्नास मीटर लांब असेल तर ताशाचा ठोका शेवटच्या ढोलापर्यंत पोचायला सेकंदाचा सातवा भाग लागतो. म्हणजे मागचे सगळे कानावर विसंबले तर हात फाटणारच. म्हणून कानावर नाही, ताशेवाल्याच्या काडीवर नजर ठेवायची! आमच्या पीटीच्या सरांनी हे फळ्यावर नाही, मैदानावर शिकवलं. शेवटच्या रांगेत उभं करून.

आता वाकडं. मी शाळेत होतो तेव्हा इयत्तेला अ ते ड अशा चार तुकड्या. आता सातवीची एकच, तीही जेमतेम भरते. आमची मुलं तिथे नाहीत, ती पिवळ्या बसमधून इंग्लिश मीडियमला जातात. आजची मुलं आहेत वॉचमनची, पोळ्यावाल्या मावशींची, रिक्षावाल्यांची. कुणाच्या घरी कानडी, कुणाच्या घरी हिंदी. आणि आम्ही? शाळेचं नाव ढोलावर रंगवून, नवे कुर्ते शिवून, गॉगल लावून लक्ष्मी रोडवर फोटो काढतो. एकशेवीस वादकांत शाळेत शिकणारी मुलं किती, तर नऊ! शाळेलाही ते चालत होतं. सुपारीच्या पैशातून रंगरंगोटी होत होती, कोण कशाला विचारतंय?

विचारलं ते २०२४ मध्ये, आणि तेही भलत्याच निमित्तानं. त्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय हरित लवादानं आवाजाचा विचार करून एका पथकात जास्तीत जास्त तीसच वादक असावेत असं ठरवलं. पुण्यात कल्लोळ! (आवाजाबद्दल लवाद अगदीच चूक होता असं मला वाटत नाही. कानात बोळे घालून वाजवणाऱ्यांनी बिनबोळ्यांच्या आजी-आजोबांना संस्कृती शिकवू नये.) आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर युद्धच पेटलं. तिसात कोण? सीनियर? जास्त प्रॅक्टिस केलेले? शेवटी मैदानात मीटिंग लागली, आणि कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेले पीटीचे सर, आता रिटायर्ड, म्हणाले, "तीसच वाजवणार असतील, तर ती शाळेतली तीस का नकोत?"

कुणी काही बोललं नाही. सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानं त्या अटीला स्थगिती दिली आणि आम्ही सगळे वाजवून मोकळे झालो. सरांच्या प्रश्नाला मात्र स्थगिती मिळाली नाही.

२०२५च्या जूनपासून दर शनिवारी चारला आम्ही सात-आठ जण शाळेत जायला लागलो. आवाजाच्या नियमांत शाळेभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्रात धरला जातो, त्यामुळे तिथे ढोल बडवायचा प्रश्नच नव्हता. मुलं जुन्या टायरवर हात बसवतात. ढोल उघडणं, पान बदलणं, दोरी ओवणं, सगळं त्यांच्याकडून. लहान मुलींना आधी झांजा, आणि ध्वज कुणाला हे मुलंच ठरवणार. पूर्ण वादन नदीपात्रात, बाकी पथकाबरोबर.

पहिले दोन शनिवार अवघड गेले. मुलं आम्हाला 'सर-मॅडम' म्हणायची आणि आम्ही त्यांना खाऊ वाटायचो. सरळ सांगतो, समाजसेवा वाटत होती. तिसऱ्या शनिवारी सहावीतल्या एका मुलीला न्यायला तिचे वडील आले. भिंतीला टेकून उभे राहिले, आमचा ताशा ऐकला, आणि हळूच म्हणाले, "मनगट कडक पडतंय, साहेब." लग्नाच्या बँडमध्ये वीस वर्षं ताशा वाजवलेला माणूस! त्यांनी काड्या हातात घेतल्या आणि पुढचा अर्धा तास आमचे टीम लीड, सीनियर डेव्हलपर आणि एक सीए असे तिघं टायरसमोर मांडी घालून बसले. बापाला इतकी मोठी माणसं 'पुन्हा दाखवा ना दादा' म्हणतायत, हे बघताना त्या मुलीचा चेहरा... सोडा, तो लिहिता येणार नाही. तेव्हापासून दादा दर शनिवारी येतात. कधी कुणाची आई पोहे आणते, आणि आता खाऊ आम्हाला मिळतो.

पटसंख्या वाढली का? नाही. पहिलीला या जूनमध्येही दोन बाक रिकामेच राहिले, आणि ढोल वाजवून ते भरतील असं मला वाटत नाही. शाळेनं प्रवेशाच्या दिवशी दारात वादन ठेवायची कल्पना काढली होती. आम्ही नको म्हटलं. त्याऐवजी मुलांनी आलेल्या पालकांना ढोल ताणून दाखवला आणि त्यांनाच दोरी ओढायला लावली. दोन आयांनी चपला काढून, पदर खोचून ओढली!

आमच्यात एक कुरकूर अजून आहे. पुढच्या रांगेत शाळेची मुलं म्हणजे काही सीनियर मागे, आणि मागच्यांचे फोटो येत नाहीत. दोघं दुसऱ्या पथकात गेले. जाऊ देत. नऊचे चौतीस झालेत, आणि त्यांच्या उंचीचे कमी घेराचे ढोल कमी पडतायत. सध्या शोध त्यांचाच चाललाय. कुणाच्या माळ्यावर पडून असतील, तर पान फाटलेले असले तरी चालतील. पान सातवी-अ बसवेल. म्हणजे सातवीच. 'अ' म्हणायची सवय जात नाही.