चेहऱ्यावर रक्ताच्या सुया : आधी विचारा, मग खुर्चीत बसा

डेंग्यूच्या दिवसांत ‘प्लेटलेट किती आल्या?’ हा प्रश्न वस्तीत घरोघरी ऐकू येतो. आता हाच शब्द ब्युटीपार्लरच्या पाटीवर आला आहे. मागच्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर एका ताईंनी मोबाईल पुढे केला. त्यावर जाहिरात होती : ‘पीआरपी करा, चेहरा उजळवा.’ दोन महिन्यांवर मुलीचं लग्न आणि भिशीचे पैसे नुकतेच हातात आलेले. म्हणाल्या, “करून टाकू का?”

पीआरपीमध्ये आपल्याच दंडातून दहा-वीस मिली रक्त काढतात. त्याची नळी यंत्रात गरगर फिरवली की लाल पेशी तळाला बसतात आणि वर पिवळसर द्रव राहतो. त्यातला प्लेटलेट जास्त असलेला भाग बारीक सुयांनी चेहऱ्यात सोडतात. जखम झाली की प्लेटलेट रक्त थांबवतात आणि कातडी भरून येण्यासाठी लागणारे घटक सोडतात. तेच काम इथे मुद्दाम करून घ्यायचं असतं.

फायदा होतो का? काहींचे मुरुमांचे खड्डे, बारीक सुरकुत्या थोड्या कमी होतात. काहींना फारसा फरक पडत नाही. महिन्या-महिन्याच्या अंतराने तीन-चार वेळा जावं लागतं आणि दर वेळी काही हजार रुपये जातात. पण रंग उजळणं हे या उपचाराचं कामच नाही. रंग मेलॅनिनमुळे असतो, प्लेटलेट त्याला पुसत नाहीत. उलट सावळ्या कातडीवर सुयांच्या जागी काळे डाग राहू शकतात. (पाहुणे मुलीच्या रंगावर बोलत असतील तर पाहुणे बदलावेत, पण तो विषय या पानाचा नाही.)

“आपलंच रक्त, मग भीती कसली?” असं ताईंनी विचारलं. भीती रक्ताची नाही, सुईची आणि नळ्यांच्या अदलाबदलीची आहे. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात विनापरवाना चालणाऱ्या एका स्पामध्ये २०१८ साली हेच उघडकीला आलं. तिथे नाव न लिहिलेल्या रक्ताच्या नळ्या स्वयंपाकघरातल्या फ्रीजमध्ये, खाण्याच्या वस्तूंसोबत ठेवलेल्या होत्या. एकदा वापरून फेकायच्या वस्तू पुन्हा वापरल्या जात होत्या. तिथे चेहऱ्याचा हा उपचार घेतलेल्या किमान तीन स्त्रियांना एचआयव्हीची लागण झाली. सरकारी तपासाचा अहवाल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

म्हणून हे काम पार्लरमध्ये करून घेऊ नये. त्वचारोगतज्ज्ञाकडेच जावं आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारावा. विचारल्यावर जो चिडतो त्याच्याकडून उठून यावं. नळीवर आपलं नाव आपल्यासमोर लिहून घ्या, सुईचं पाकीट आपल्यासमोर फोडायला लावा. हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट कमी असतील, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, कावीळ झालेली असेल किंवा दिवस गेले असतील तर आधी सांगा. विदर्भातल्या आपल्या अनेक घरांत सिकलसेल आहे. तेही लपवू नका.

पार्लरमध्ये आधीच करून घेतलं असेल तर घाबरून घरी बसू नका. ७२ तास झाले नसतील तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा, एचआयव्ही टाळण्याची औषधं तेवढ्याच वेळात सुरू करता येतात. वेळ निघून गेली असली तरी तिथल्या आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते आणि नाव गुप्त ठेवतात. एकदा लगेच आणि पुन्हा तीन महिन्यांनी तपासा. हिपॅटायटिस बी आणि सी याही तपासण्या करून घ्या. माहितीसाठी १०९७ हा क्रमांक मोफत आहे.

त्या ताईंना मी मुलीला आधी आरोग्य केंद्रात घेऊन जायला सांगितलं. हिमोग्लोबिन ९ निघालं. लोहाच्या गोळ्या तिथेच फुकट मिळाल्या. भिशीचे पैसे अजून ताईंच्या डब्यातच आहेत.