प्रथिनांची भुकटी आणि भाकरी

व्यायामशाळेच्या वाटेनें प्रथिनांच्या भुकटीचा डबा हल्लीं शहरांतील पुष्कळ घरांत आला आहे. तरुण ती दुधांत ढवळून पितात आणि भात-भाकरीस मात्र रजा देतात. शरीराचा हिशेब निराळा आहे. त्याला आधीं इंधन हवें. पिष्टमय अन्न फार तोडलें आणि एकंदर जेवणही अपुरें पडलें, कीं प्रथिनांतील बराचसा भाग स्नायू बांधण्याकडे न लागतां जळून जातो. चुलींत सरपणाऐवजीं सागवान घालावें, तसेंच हें!

दुसरी उणीव चोथ्याची. बहुतेक भुकट्यांत तो नांवापुरताच असतो. जेवणांतूनही गेला, तर मलावरोध जडतो. बाजरीची भाकरी आणि मटकीची उसळ यांत पिष्ट, प्रथिनें व चोथा एकत्र येतात, धान्यांतील लायसिनची उणीव कडधान्य भरून काढतें, आणि चोथ्यामुळें साखर रक्तांत सावकाश उतरते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबानें निरोगी प्रौढास वजनाच्या दर किलोमागें दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनें पुरतात. ६० किलोच्या मनुष्यास सुमारें ५० ग्रॅम. स्नायू वाढविण्यासाठीं भुकटी टाळावी, असेंच तिनें २०२४ सालीं सुचविलें. आजारानें खंगलेल्यास डॉक्टर ती देतात, तो प्रश्न वेगळा. मूत्रपिंड बिघडलेल्यानें मात्र त्यांस विचारल्यावांचून घेऊं नये. चोथाही एकदम वाढवूं नये, पोट फुगतें.